चित्रपाठ दाखविताना विद्यार्थ्यांच्या खाजगीपणाची जपणूक



चित्रांच्या साहाय्याने शिकविणे ही गोष्ट आपल्या शाळांना नवी नाही. पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था १९८४ साली स्थापन झाली आणि २०१७ साली बंद होईपर्यंत तिने मराठी मुलांसाठी पुष्कळ कार्यक्रम तयार केले. ते दूरदर्शनवरून दाखविले जात. पुढे करोनाच्या साथीत शाळा बंद असता, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ह्या कार्यक्रमांच्या गुणदोषांविषयी मते भिन्न असतील. परंतु एक गोष्ट त्यांत सहजच सांभाळली गेली होती. मुलाने कोणता पाठ पाहिला, किती वेळ पाहिला, कोठे कंटाळून बंद केला, ह्याची नोंद संच कोणाकडेही पाठवीत नसे.

तोच पाठ आज मोबाइलवर आला आहे, आणि बहुधा तो यूट्यूबवरून येतो. तेथे पाठ पाहणे व पाहणाऱ्याची नोंद होणे ह्या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. ही नोंद कशी होते, ती कोठे टाळता येते व कोठे टाळता येत नाही, एवढाच प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

नोंदीचे मार्ग अनेक आहेत. मोबाइलमध्ये ज्याचे खाते उघडलेले असेल त्याच्या नावावर पाहिलेल्या चित्रफितींची व शोधलेल्या शब्दांची यादी साठत जाते. खाते नसले तरी ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची एक बारीकशी खूण ठेवली जाते व पुढील भेटीत तिच्यावरून तोच ब्राउझर ओळखता येतो. मोबाइलला जाहिरातींसाठी दिलेला एक क्रमांक असतो. इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून गाव किंवा शहर अंदाजे कळते. ह्या सर्व तपशिलांवरून पाहणाऱ्याची आवड ठरविली जाते, आणि त्या आवडीस धरून पुढची चित्रफीत व जाहिरात त्याच्यासमोर येते. कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते. म्हणून ही नोंद त्या व्यवहाराचा गाभा आहे, तिचा आनुषंगिक दोष नव्हे.

मुलांच्या बाबतीत ह्याचा निवाडा एकदा अमेरिकेत झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोग व न्यूयॉर्क राज्य ह्यांनी केलेल्या कारवाईत गूगल व यूट्यूब ह्यांनी १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती गोळा केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यानंतर जानेवारी २०२० पासून, ज्या चित्रफितीवर ‘मुलांसाठी’ असा शिक्का असेल तिच्यावर आवडीनुसार नेमलेल्या जाहिराती देणे बंद करण्यात आले. हा शिक्का प्रथमतः चित्रफीत तयार करणाराच मारतो. भागाकाराचा एखादा उत्तम मराठी पाठ असेल, परंतु करणाऱ्याने तो शिक्का मारला नसेल, तर तो पाठ सर्वसाधारण प्रेक्षकांचा समजला जातो व मुलाला त्या संरक्षणाचा लाभ मिळतोच असे नाही.

आता कुपवाडची एमआयडीसी व तिच्या लगतची सावळी, बामणोली ही गावे डोळ्यांसमोर आणावीत. पुष्कळ घरांत चांगला मोबाइल एकच असतो, आणि तो कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या वडिलांचा किंवा आईचा असतो. पाळी सुटल्यावर मोबाइल घरी येतो व गृहपाठासाठी मुलाच्या हाती पडतो. खाते वडिलांचे, शोध मुलाचा, आणि पाठ संपताच आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत कोणाचीच नव्हे, अशी ही सरमिसळ आहे. वडिलांनी कर्जाची किंवा दवाखान्याची चौकशी केली असेल, तर तत्संबंधी जाहिराती आठ वर्षांच्या मुलासमोर येतात. उलटपक्षी मुलाने पाहिलेले सर्व काही वडिलांच्या नावे जमा होते. ह्यात पालकांना दोष देण्याचे कारण नाही. पाठाची लिंक पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात बहुधा आपणच पाठविलेली असते.

ह्यावरून पहिला व सर्वांत सोपा पर्याय सुचतो, आणि त्यासाठी कोणतेही नवे साधन लागत नाही. चाळीस पालकांना लिंक पाठविली म्हणजे चाळीस घरांतून चाळीस नोंदी होतात. तोच पाठ वर्गात शाळेच्या एका संचावर, कोणाचेही वैयक्तिक खाते न उघडता दाखविला, तर एकच नोंद होते आणि तिच्यात एकाही मुलाचे नाव येत नाही. आपोआप पुढे चालण्याची सोय तेवढी आधी बंद करावी. शिवाय पाठ मध्ये थांबवून प्रश्न विचारता येतात, हा अध्यापनाचा लाभ वेगळाच.

त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे चित्रफीत एकदा आणून शाळेत ठेवणे. पेनड्राइव्हवरील चित्रफीत व्हीएलसीसारख्या विनामूल्य साधनाने चालविली असता इंटरनेटची गरजच राहत नाही, आणि जोडणी नसली म्हणजे नोंद बाहेर जाण्याचा मार्गही राहत नाही. परंतु आणावयाची कोठून? यूट्यूबवरून परस्पर उतरवून घेणे त्या कंपनीच्या नियमांत बसत नाही. अरविंद गुप्ता ह्यांच्या टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या छोट्या चित्रफिती मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर पुस्तके व चित्रफिती विनामूल्य ठेवलेल्या आहेत. विज्ञानाच्या तासाला त्यांच्यासारखे साहित्य दुसरे क्वचितच सापडेल. विकिमीडिया कॉमन्स ह्या भांडारातील चित्रफिती जाहिरातींविना पाहता येतात व परवान्याच्या अटी पाळून उतरवूनही घेता येतात. प्राणी, वनस्पती, यंत्रे ह्यांच्या दर्शनासाठी ते उपयोगी आहे, मात्र मराठी निवेदन शिक्षकाने स्वतः करावे लागते. मराठी चित्रपाठ करणाऱ्यांत आपल्यासारखेच अनेक शिक्षक आहेत. त्यांना पत्र लिहून मूळ चित्रफीत मागितली तर बहुधा नकार मिळणार नाही. अनेक शाळांना एकाच संगणकावरून पाठ पुरवावयाचे असल्यास ‘कोलिब्री’ ही विनामूल्य प्रणाली पाहण्याजोगी आहे; ती इंटरनेटविना चालण्यासाठीच तयार केलेली आहे.

सरकारी साधन आहे म्हणजे काळजीचे कारण नाही, असे काही शिक्षक मानतात. ह्या समजुतीचा विचार केला पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडण्याचा जो प्रयोग केला, त्याचे अनुकरण पुढे राज्यभर झाले, आणि बालभारतीच्या पुस्तकांतील संकेत २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’शी जोडले गेले. सोय निःसंशय मोठी आहे. परंतु जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, दीक्षाच्या माहितीची एक साठवण संरक्षणाविना उघडी राहिली होती व तीत १० लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते, तसेच सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. त्यांत जाहिरातीचा हेतू कोणाचाही नव्हता. तरीही माहिती उघडी पडली, कारण ती गोळा झालेली होती. यास्तव दीक्षा वापरावी, परंतु पाठ पाहण्यासाठी नाव नोंदविण्याची आवश्यकता नसते, हे ध्यानात ठेवावे. पाहुणा म्हणून प्रवेश करून पाठ उतरवून घेता येतो.

काही शिक्षक पीअरट्यूबविषयी विचारतात. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट ह्या ना-नफा संस्थेने ती प्रणाली वाढविली असून तिची पहिली पूर्ण आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाली. येथे एकच कंपनी मालक नसते. निरनिराळ्या संस्था आपापले चित्रफीतघर चालवितात व ती घरे एकमेकांस जोडलेली असतात. विचार स्तुत्य आहे. तथापि मराठी शालेय पाठ तेथे क्वचितच आढळतात, आणि पाहणारे चित्रफितीचे तुकडे एकमेकांस पुरवू शकतात त्या सोयीत एकाच्या जोडणीचा पत्ता दुसऱ्यास दिसण्याचा संभव असतो. ही सोय बंद करता येते. न्यूपाइप व इन्व्हिडिअस ह्या साधनांनी यूट्यूबवरील चित्रफीत खात्याविना व जाहिरातीविना पाहता येते. परंतु ती मागच्या दाराची साधने आहेत. कंपनीने रचना बदलली की ती बंद पडतात, आणि २०२३ साली इन्व्हिडिअसच्या चालकांना कंपनीकडून ते बंद करण्याविषयी पत्र आले होते. प्रौढ व्यक्तीने आपल्यापुरते काय वापरावे हा तिचा प्रश्न आहे; शाळेने पालकांस ही साधने सुचवू नयेत असे मला वाटते. शाळेचे संकेतस्थळ असेल व त्यावर यूट्यूबचाच पाठ लावणे भाग असेल, तर ‘यूट्यूब-नोकुकी’ हा पत्ता वापरावा. त्याने नोंद पूर्णपणे थांबत नाही, परंतु ते पाहणे पुढील शिफारशींत धरले जात नाही.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व दूरदर्शन संच बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, व त्याचा गवगवा देशभर झाला. तो उपक्रम वेळेचा आहे. मोबाइल पुन्हा हाती आल्यावर होणाऱ्या नोंदीचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि तसा त्या गावाचा दावाही नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक असून, मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना उद्देशून जाहिराती करणे ह्यांस सामान्यतः मनाई आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कंपनीवर ढकलता येणार नाही. स्नेहसंमेलनाच्या व बालसभेच्या चित्रफिती आपण स्वतःच सर्वांसाठी खुल्या चढवितो. त्यांत मुलाचा चेहरा, नाव, इयत्ता व शाळेच्या फलकावरील गाव एकत्र दिसते. अशी चित्रफीत पालकसभेत दाखवावी, ज्यास हवी त्यास पेनड्राइव्हवर द्यावी. खुली चढवावयाची असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी, व ज्यांनी ती दिली नाही त्यांच्या मुलास कार्यक्रमातून वगळू नये, चित्रीकरणाची बाजू बदलावी.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुढील प्रश्न चर्चेस घ्यावेत. गेल्या महिन्यात पालकांच्या गटात किती पाठांच्या लिंक पाठविल्या, व त्यांपैकी कोणते पाठ वर्गातच दाखविता आले असते? केंद्रातील शाळांनी मिळून पाठांचा एक सामाईक संग्रह करावयाचा झाल्यास तो कोणत्या शाळेत ठेवावा, आणि दर सत्रास त्यात भर कोणी घालावी? शाळेच्या नावे पूर्वी चढविलेल्या चित्रफितींपैकी कोणत्या काढून घ्याव्यात, आणि त्या ज्या खात्यावर आहेत त्याचा पासवर्ड आज कोणाकडे आहे?