पाणी जाते कुठे?

गळक्या घागरीत कितीही पाणी ओतले, तरी ती भरलेली राहत नाही. हे कुणाला शिकवावे लागत नाही. पण तीच गोष्ट गाडीच्या इंजिनाची असली, की आपण रोज सकाळी तांब्याभर पाणी ओततो आणि म्हणतो, "जुनी गाडी आहे, पाणी पिणारच!" वाचकहो, गाडी पाणी पीत नाही. पाणी कुठून तरी जाते. ती वाट कशी शोधावी, हे आज आपण पाहू.

आमचा पुतण्या वडापची जीप चालवतो. पाटणकडची माणसे आणि भाजीच्या पाट्या घेऊन तो कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो. जीप जुनी, पण कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. २०१८ साली तिचे पाणी रोज कमी होऊ लागले. दिवाळीच्या तोंडावर, परत येताना, घाटाच्या चढणीला गाडी तापली. मागे उतारू घाई करू लागले. याने खाली उतरून रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कारंज्यासारखे उसळले आणि उजवा हात कोपरापर्यंत पोळला.

हाताला पट्टी बांधून तो आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, गॅरेजवाले म्हणतात हेड उतरवावं लागेल. तीन हप्त्यांएवढा खर्च आहे. घरात बोरमाळ गहाण टाकायची बोलणी चाललीत."

आम्ही विचारले, "पाणी कुठून जातं, ते त्यांनी बघितलं का?"

"नाही. नुसतं ऐकून सांगितलं."

आम्ही पस्तीस वर्षे मुलांची गणिते तपासली. उत्तर चुकले, की कोणती पायरी चुकली ते आधी पाहायचे, ही आमची सवय. पण इंजिनातले आम्हाला कळत नव्हते. म्हणून गावातल्या एका मेस्त्रींकडे आम्ही दोघे गेलो. हे मेस्त्री एस. टी.च्या आगारात नोकरी करून निवृत्त झालेले.

मेस्त्री म्हणाले, "गुरुजी, हेड पळून जात नाही. आधी पाण्याची वाट समजून घेऊ."

पाण्याची वाट

इंजिनात इंधन जळते. त्याने लोखंड फार तापते. ते थंड ठेवण्यासाठी इंजिनाच्या भिंतींतून पाणी खेळवलेले असते. एक पंप हे पाणी फिरवतो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते. तिथे बारीक नळ्यांतून जाताना पंख्याच्या वाऱ्याने ते निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनाकडे जाते.

उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र प्रेशर कुकरसारखे दाब धरून ठेवते. बाहेरच्या हवेच्या दाबाइतका जादा दाब आत असला, तर साधे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि पाणी एकदम उसळते. पुतण्याचा हात यामुळेच पोळला. म्हणून पहिला नियम असा : गाडी पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये. त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

शोध कसा घेतला

मेस्त्रींनी प्रथम विचारले, "रेडिएटर गळ्यापर्यंत भरतोस का?" पुतण्या म्हणाला, "होय, काठोकाठ." मेस्त्री हसले. तापल्यावर पाणी फुगते. जुन्या गाडीला जादा पाणी धरणारी बाटली नसेल, तर ते बाजूच्या नळीवाटे सांडून जाते. ही गळती नव्हे. म्हणून पाणी बेताने भरले आणि काडी बुडवून खूण केली. दुसऱ्या दिवशी फेरी करून गाडी निवल्यावर पाहिले. पाणी खुणेच्या चार बोटे खाली! म्हणजे गळती खरीच होती.

रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरली. सकाळी कागद कोरडे. पुतण्या हिरमुसला. मेस्त्री म्हणाले, "अरे, थंड गाडीत दाब नसतो. काही गळत्या तापल्यावरच तोंड उघडतात. गळणारं पाणी दिसलं नाही, तर त्याचा डाग शोधायचा."

मग उजेडात एकेक जागा पाहिली. रेडिएटरच्या जाळ्या आणि सांधे. वरची नळी, खालची नळी. नळी दाबून पाहायची. चिरा दिसल्या किंवा ती फुगून मऊ पडली असली तर बदलायची. नळ्यांच्या क्लिपा. इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या. त्याही गंजून गळतात. पाणी वाळले की पांढरा, हिरवट किंवा तांबूस डाग राहतो. असा तांबूस ओघळ पंपाच्या खाली दिसला.

पण मेस्त्रींनी लगेच निकाल दिला नाही. हेडचा संशय फेडायचा होता. हेडखालचे गॅस्केट गेले असेल, तर पाणी आतल्या आत जाते. पाणी ऑइलात मिसळले, तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गाडी तापली तरी थांबत नाही. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येत राहतात. बुडबुडे पाहायचे तर झाकण गाडी थंड असतानाच काढायचे आणि मग इंजिन सुरू करायचे. आम्ही तिन्ही गोष्टी पाहिल्या. एकही खूण नव्हती. मेस्त्रींनी आम्हाला उपरणे काढून ठेवायला लावले. फिरत्या पंख्यापाशी सैल कपडा म्हणजे गळ्याला फास.

शेवटी मेस्त्रींनी दाब तपासायचा हातपंप मागवला. तो झाकणाच्या जागी बसवतात. झाकणावर दाबाचा आकडा असतो; तेवढाच दाब भरला. काटा स्थिर राहायला हवा होता. तो हळूहळू उतरू लागला. आम्ही बॅटरी लावून खाली वाकलो. पंपाच्या पोटाखाली एक थेंब लोंबत होता.

पंपाला खालून बारीक भोक असते. आतले सील झिजले, की पाणी या भोकातून बाहेर येते. ते खबर देण्यासाठीच ठेवलेले आहे, बुजवायचे नसते. घाटात हे थेंब पंख्याच्या वाऱ्याने उडत आणि तापल्या इंजिनावर वाळून जात. म्हणून जमिनीवर काहीच दिसत नसे. मेस्त्रींनी पंखा हाताने हलवून दाखवला. पंपाचा दांडाही खिळखिळा झाला होता.

नवा पंप, नवा पट्टा, दोन नळ्या. सगळा खर्च एका हप्त्याच्या आत भागला. बोरमाळ घरातच राहिली.

आणखी दोन गोष्टी

काही चालक गळतीवर हळद टाकतात. त्याने बारीक भोक थोडा वेळ बुजते, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही तुंबतात आणि गाडी जास्तच तापते.

साध्या पाण्याने इंजिन आतून गंजते. म्हणून कूलंट घालावे. पण बहुतेक कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. कुत्री-वासरे ते चाटतात. सांडलेले लगेच धुवावे. पिण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. मुलांच्या हाताशी ठेवू नये.

पुतण्याचे पाणी आता कमी होत नाही. हातावरचा डाग मात्र कायमचा राहिला. तो म्हणतो, "काका, पाणी कमी झालं त्याच दिवशी शोधलं असतं, तर हात वाचला असता." खरेच आहे. पाणी भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

प्रश्न

१. गरम रेडिएटरचे झाकण का उघडू नये?
२. सकाळी कागद कोरडे असूनही गळती कशी असू शकते?
३. हेडखालचे गॅस्केट गेल्याच्या तीन खुणा सांगा.
४. तुमच्या घरी किंवा शेतावर एखादी वस्तू गळते का? ती कुठून गळते, ते शोधून पाच ओळी लिहा.