टक-टक आवाज येतो, म्हणून स्टार्टर बदलायचा?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सात वर्षांची आहे. चावी फिरवली की नुसता टक-टक आवाज येतो, दिवे मंद होतात. मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, तरी तेच. आता तो स्टार्टर मोटर बदला म्हणतो. बदलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात नको. बॅटरी नवी आली, पण तिच्यावर बसणारे क्लॅम्प जुनेच ना? क्लॅम्प हाताने हलतो का, त्यावर पांढरी-हिरवट बुरशी दिसते का, पाहा. जोड खराब असला तरी हॉर्नला थोडा करंट पुरतो, म्हणून तो वाजतो आणि जोड ठीक आहे असं वाटून आपण फसतो. स्टार्टर मात्र शंभराहून अधिक अँपिअर ओढतो; तेवढा करंट खराब जोडातून जात नाही.

खात्री करायची तर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर धरा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर चोर तिथेच आहे. दोन्ही टोकांना तपासा.

साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना तो शेवटी. खाण्याच्या सोड्याचं पाणी, जुना ब्रश, हातमोजे आणि चष्मा एवढं पुरे. निगेटिव्हची वायर बॉडीला व इंजिनला जिथे जोडली आहे, तो बोल्टही घासा. कोकणच्या दमट हवेत तो हमखास गंजतो आणि सहसा कुणी बघत नाही.

एवढं करूनही टक-टक राहिली आणि चावी फिरवताना स्टार्टरपाशी दहा व्होल्टच्या वर आकडा टिकला, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर असू शकतं.