आर्चबिशप आणि गव्हर्नर



2024 च्या अखेरीस संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला जुन्या गोव्यात गेलेल्यांपैकी काहींनी जवळच्या टेकडीवरील सांता मोनिका मठ पाहिला असेल. 1606 मध्ये व्रतस्थ भगिनींसाठी तो स्थापन केला आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस ह्यांनी.

लिस्बनमध्ये 1559 साली जन्मलेले हे ऑगस्टिनियन संन्यासी 1595 मध्ये गोव्याचे आर्चबिशप झाले. त्या काळी पोर्तुगालच्या राजाकडे ‘पाद्रोआदो’चा हक्क होता. मिशनचा खर्च राजाने करायचा आणि बिशपपदासाठी नावही त्यानेच सुचवायचे. म्हणजे बिशप देवाचा सेवक खरा, पण पगार राजाच्या तिजोरीतून!

ह्याचा परिणाम केरळात दिसला. 20 ते 26 जून 1599 ह्या सात दिवसांत मेनेझिस ह्यांनी उदयंपेरूर येथे संत थॉमस ख्रिस्ती समाजाची धर्मपरिषद भरवली. बाबिलोनच्या पॅट्रिआर्कशी असलेले जुने नाते तोडण्यात आले. सदोष ठरवलेल्या सुरियानी पोथ्या दुरुस्त कराव्यात किंवा जाळाव्यात, असा हुकूम निघाला. मेनेझिस कष्टाळू होते, गावोगाव हिंडले, उपदेश केला. परंतु त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता आहे, हे लोकांना ठाऊक होते. अशा वेळी मिळालेली संमती मनापासूनची कशी म्हणावी? 1653 मध्ये मट्टनचेरी येथे त्याच समाजाने क्रुसासमोर शपथ घेऊन जेझुइट अधिकार झुगारला. ती फूट अजून पुरती सांधलेली नाही.

पुढे 1607 मध्ये व्हाइसरॉय मलाक्का येथे वारले आणि मेनेझिस 1609 पर्यंत गव्हर्नरही झाले. सकाळी वेदी, दुपारी डचांविरुद्धच्या आरमाराची चिंता! 1612 मध्ये ते ब्रागाचे आर्चबिशप, 1614 मध्ये पोर्तुगालचे व्हाइसरॉय झाले; 1617 मध्ये माद्रिदला वारले.

इंग्लंडचे संत थॉमस बेकेट राजाचे चान्सलर होते. 1162 मध्ये आर्चबिशप होताच त्यांनी ते पद सोडले. 1170 मध्ये स्वतःच्या कॅथीड्रलमध्ये मारले गेले. मेनेझिस ह्यांना असा पेच पडल्याचे दिसत नाही, हेच मला अस्वस्थ करते.

आता 1983 च्या कॅनन कायद्याचे 285 वे कलम धर्मगुरूंना सत्तेचे सरकारी पद घेण्यास मनाई करते.

रेल्वे आणि आयुध निर्माणीमुळे आपल्याकडे केरळी कुटुंबे आली. मिस्सानंतर त्यांच्यातील वडीलधाऱ्यांना उदयंपेरूरविषयी जरूर विचारा. त्यांच्या घरी ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली जाते.