द्राक्षखोऱ्यातील अभ्यास-सहल : सिन्नरच्या शेतकऱ्याने काय पाहावे?

सिन्नर तालुक्यातून गोदावरी व कादवा नद्यांच्या खोऱ्यांतील द्राक्षबागा पाहण्यासाठी शेतकऱ्यांच्या सहली निघतात. चाळीस-पंचेचाळीस जणांनी मिळून एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतल्यास एका दिवसात गंगापूर धरण, दिंडोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत, विंचूर व नांदूर मध्यमेश्वर असा फेरा होतो. परंतु केवळ गाडी फिरली म्हणजे अभ्यास झाला असे नव्हे. काय पाहावयाचे व काय विचारावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

हंगाम आणि दृष्टिभ्रम

या सहली बहुधा जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे तोडणीच्या हंगामात निघतात. वेली घडांनी लगडलेल्या असतात, ठिबकच्या नळ्यांतून पाणी येत असते. हे दृश्य पाहून घरी परतलेला शेतकरी लागवडीचा विचार करू लागतो. मात्र बागेची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. त्यानंतर नवी फूट निघून काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांतच पुढील हंगामाच्या घडांची निर्मिती होते. ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीनंतर दिसणारा घड हा असा उन्हाळ्यातच ठरलेला असतो. म्हणून प्रत्येक बागेत पहिला प्रश्न विचारावा : “एप्रिल-मे महिन्यांत येथे पाणी कोठून येते?”

सिन्नरचा पूर्वभाग पर्जन्यछायेत आहे. तेथील अनेक विहिरी नेमक्या याच वेळी तळ गाठतात. गंगापूर धरणाच्या आसमंतातील बाग जशीच्या तशी आपल्या शिवारात येईल, असे मानणे धोक्याचे होय.

वाइनची द्राक्षे निराळी

खाण्याच्या द्राक्षांत थॉमसन, सोनाका यांसारखे बिनबियांचे वाण असतात. त्यांत विरळणी करावी लागते, मणी फुगविण्यासाठी संजीवकाच्या द्रावणात घड बुडवावे लागतात. वाइनसाठी शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों हे वाण लावतात. त्यांचे मणी लहान व बियांचे असतात. मणी मोठा करण्याची गरज नसल्याने ही मजुरी वाचते. परंतु गुणवत्तेसाठी उत्पन्न मर्यादित ठेवावे लागते. केवडा, भुरी व करपा यांच्यापासून दोन्ही बागांना जपावे लागते.

वाइनरीत रसातील साखर रिफ्रॅक्टोमीटरने ‘ब्रिक्स’ अंशांत मोजतात. यीस्ट या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून वेगळा करून आंबवितात; तांबडीसाठी सालीसकट आंबवितात, कारण रंग सालीत असतो. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस साधारण सव्वा ते दीड किलो द्राक्षे लागतात. सहलीचा हेतू चव पाहण्याचा नसून, आपल्या मालाचे पुढे काय होते हे जाणण्याचा आहे.

भरभराट आणि धडा

गंगापूर धरणाजवळ ‘सुला’च्या वेली १९९७ मध्ये लागल्या व २००० मध्ये तिची वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. लागवड झपाट्याने वाढली. पुढे २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, टाक्यांत वाइन पडून राहिली आणि अनेक शेतकऱ्यांच्या मालास उठाव मिळाला नाही. लहान व बियांची ही द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. त्यामुळे काहींना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. म्हणून कराराविषयी पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. करार लेखी आहे काय व किती वर्षांचा आहे?
२. ब्रिक्स कमी भरल्यास दरात किती कपात होते?
३. तोडणीचा दिवस कोण ठरवितो आणि वाहतूकखर्च कोणाकडे असतो?
४. पैसे किती दिवसांत मिळतात?
५. माल नाकारल्यास वाट काय?

पाण्याचा हिशेब

दिंडोरी तालुक्यातील कोळवण नदीवरील वाघाड प्रकल्पाचे पाणी ओझर परिसरात पोहोचते. तेथील पाणीवापर संस्था पाणी घनमापाने मोजून घेतात व आपसांत वाटतात. आलेल्या पाण्यावर पिकांचे क्षेत्र ठरविण्याची ही रीत, बाग न लावणाऱ्यासही शिकण्याजोगी आहे. खुद्द सिन्नरमध्ये देवनदीवरील जुने वळणबंधारे व पाट दुरुस्त करून पाणी पुन्हा शेतात आणल्याचे उदाहरण आहे. तेही जाता-येता पाहावे.

परतल्यानंतर

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने निघतानाच चार-पाच जणांचे गट पाडून प्रत्येक गटास एक विषय द्यावा : पाणी, खर्च, रोग, करार, मजुरी. आठ दिवसांच्या आत गावात सभा घेऊन प्रत्येक गटाकडून माहिती वदवून घ्यावी. ज्याच्या विहिरीला वा शेततळ्याला मे अखेर पाणी पुरते आणि ज्याच्या हाती लेखी करार आहे, त्याने थोड्या क्षेत्रापासून प्रारंभ करावा. इतरांनी आधी पाण्याची तजवीज करावी. एखाद्या शेतकऱ्याने हिशेब मांडून बाग न लावण्याचे ठरविले, तरी त्याची सहल सार्थकी लागली असे समजावे.