कर्जरोख्यांचा फंड म्हणजे बँकेची ठेव नव्हे



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न येतोच. हल्ली गटातल्या बैठकीत लागणीच्या बोलण्याबरोबर ‘साहेब, डेट फंडात घालू का?’ असेही विचारले जाते. म्हणून ही थोडी माहिती.

कर्जरोखा म्हणजे काय? जून २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. मुदत १० वर्षे, व्याज ७.५९ टक्के. रोखा घेणाऱ्याने महापालिकेला कर्जच दिले. सरकार, बँका व कंपन्याही असे रोखे काढतात. डेट फंड अनेकांचे पैसे एकत्र करून पुष्कळ रोखे घेतो आणि आपल्याला त्यातला वाटा, म्हणजे युनिट, देतो. युनिटचा भाव रोज बदलतो. व्याजाची हमी नसते.

यात मुख्य धोके तीन :

१) व्याजदराचा : बाजारात तसाच नवा रोखा ९ टक्क्यांनी मिळू लागला, तर ७.५९ टक्क्यांचा जुना पुऱ्या किमतीला कोण घेईल? त्याचा भाव उतरतो. मुदत लांब तितकी घट जास्त. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला, तेव्हा जुन्या रोख्यांचे भाव असेच खाली आले. सरकारी रोख्यांचा फंडही यातून सुटत नाही.

२) बुडिताचा : आयएलअँडएफएस या वित्तसंस्थेला सर्वांत वरचे पतमानांकन होते. तरी २०१८ साली तिची कर्जफेड थकली आणि तिचे रोखे बाळगणाऱ्या फंडांना फटका बसला. जादा परतावा दिसला की कर्जदार कोण, हे आधी पाहावे.

३) अडकण्याचा : २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना बंद केल्या. २५ हजार कोटींहून अधिक रक्कम अडकली. फेब्रुवारी २०२१ पासून ती हप्त्याहप्त्याने परत मिळाली खरी, पण तोवर खत, मजुरी, मुलांची फी थांबते का?

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, फंडाला तो नाही.

अडसालीला सतरा-अठरा महिने, सुरूला बारा, हा हिशेब धरूनच आपण लागण करतो. पैशाचेही तसेच करावे. या हंगामाला लागणारे पैसे बँकेतच ठेवावेत. लांब मुदतीच्या फंडात तीन-चार वर्षे हात न लावता येईल तेवढेच घालावेत. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : रोखे कोणाचे? सरासरी मुदत किती? रिस्कोमीटरचा काटा कुठे? उत्तर नीट मिळाले नाही, तर चेक फाडू नये.

अमुक फंड घ्या असे सांगण्याचा येथे हेतू नाही. घामाचा पैसा समजून-उमजून ठेवावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी