गळणारा सांधा

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की चिंचोळीची औद्योगिक वसाहत येते. कारखाना असो वा आपल्या घराची गच्ची, पंप लोखंडाचा, कॉक पितळेचा आणि पाइप प्लास्टिकचा, असे सगळीकडे दिसते. धातू आणि प्लास्टिक जिथे एकमेकांत फिरवून बसवतात, तिथेच बहुधा पाणी टपकते.

पाइपच्या टोकावरील वळणदार खाचांना मराठीत 'आटे' म्हणतात. तुम्ही घरी 'चूडी' म्हणत असाल. तो शब्द गोड आहे; पण मराठीच्या पेपरात 'आटे' लिहा!

गळती दिसली की आपण पाना घेऊन सांधा आणखी आवळतो. इथेच घात होतो. लोखंडी पाइपचे आटे बहुधा टोकाकडे निमुळते असतात. लाकडात पाचर ठोकावी, तसे ते प्लास्टिकचे तोंड फाकवतात आणि शेवटी त्याला चीर पडते. म्हणून शक्यतो प्लास्टिकचे आटे आत आणि धातूचे तोंड बाहेर ठेवावे. तसे जमत नसेल, तर पितळी आटे बसवलेला प्लास्टिकचा जोड मिळतो. थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा.

उन्हाचाही यात हात आहे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तापल्यावर पीव्हीसी पाइप लोखंडाच्या चार-पाच पट प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो. रोज असे झाले की सांधा सैल पडतो.

दुरुस्तीपूर्वी पाणी बंद करा. सांधा उघडा, जुनी टेप काढा, आटे पुसून कोरडे करा. चीर दिसली तर तो तुकडाच बदला. चिरेपुढे टेपचे काही चालत नाही. मग आट्यांचे टोक आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून घ्या. उलट गुंडाळली तर सांधा फिरवताना टेप उलगडते. जुने कारागीर ताग आणि सफेदा लावत. लोखंडाला ते ठीक. प्लास्टिकला टेपच बरी. सांधा हाताने घट्ट बसवा आणि पान्याने फक्त एक-दीड वेढा द्या.

सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी जाते. सोलापूरला ते शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून आणावे लागते आणि काही दिवसांआड येणारे पाणी या शहराने वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आता कॉक हळूहळू उघडा आणि सांध्याखाली कोरडा कागद धरा. कॉकचे तोंड तिरके राहिले म्हणून सांधा मागे फिरवू नका. फिरवलाच, तर उघडून नवी टेप गुंडाळा.