नेमाची वही

नेम हा शब्द आपल्याला नवा नाही. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तेव्हा तो नेमच करतो. दारू प्यायची नाही, मांस खायचे नाही, एकादशी मोडायची नाही. माळ गळ्यात असते म्हणून नेम ध्यानात राहतो. चारचौघांनाही ती दिसते. पाऊल वाकडे पडायला लागले, की माणूस आधी त्या माळेला लाजतो.

पण सगळ्याच सवयींना माळ नसते. तंबाखू सोडायची आहे. राग आवरायचा आहे. बाजारात उगाच पैसा उधळायचा नाही. रोज एक पान वाचायचे आहे. हे सारे आपण मनात ठरवतो. दोन दिवस नीट चालते. तिसऱ्या दिवशी कामाच्या गर्दीत राहून जाते. चौथ्या दिवशी आपण काही ठरवले होते, याचीच आठवण उरत नाही.

अमेरिकेत एका माणसाने यावर तोड काढली होती. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. १७०६ साली बोस्टन शहरात त्याचा जन्म झाला. बाप साबण आणि चरबीच्या मेणबत्त्या करून विकायचा. घरात सतरा भावंडे. शाळा जेमतेम दोन वर्षे झाली. बाराव्या वर्षी पोरगा थोरल्या भावाच्या छापखान्यात कामाला लागला. सतराव्या वर्षी तो तिथून पळाला आणि फिलाडेल्फिया शहरी गेला. पुढे तिथे त्याने स्वतःचा छापखाना घातला. १७७६ साली अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यावर त्याची सही आहे. एवढा तो मोठा झाला. आपल्याला मात्र त्याची एक लहानशी वही पाहायची आहे.

तरुणपणी फ्रँकलिनच्या मनात आले, की आपले सगळे दोष काढून टाकावेत. त्याने तेरा गुण लिहून काढले. बेताने खाणे-पिणे, कमी बोलणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे, ठरवलेले पार पाडणे, काटकसर, उद्योग, खरेपणा, न्याय, स्वच्छता असे ते गुण होते. पहिल्याने तो बाराच लिहिणार होता. पण एक मित्र त्याला म्हणाला, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. मित्राने चार दाखलेही दिले. तेव्हा फ्रँकलिनने तेरावा गुण लिहिला, तो नम्रता.

मग त्याने वही केली. एकेका गुणाला एकेक पान दिले. पानावर तांबड्या शाईने रेघा मारल्या. आठवड्याचे सात वार म्हणून सात उभी घरे, आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी. रात्री वही उघडायची आणि दिवस आठवायचा. जिथे चूक झाली, त्या घरात काळा ठिपका द्यायचा. चूक नसेल, तर घर कोरे ठेवायचे.

सगळे गुण एकदम अंगी आणायला तो गेला नाही. खरी अक्कल इथेच आहे. एका आठवड्यात एकाच गुणावर सारा जोर द्यायचा. बाकीच्या ओळींत नुसते ठिपके टाकीत जायचे. पहिली ओळ कोरी राहू लागली, की पुढच्या आठवड्यात दुसरी धरायची. आपण निंदणी करतो तशीच ही रीत. साऱ्या रानातले तण एका दिवसात निघत नाही. एक वाफा संपवायचा, मग दुसऱ्याला हात घालायचा. फ्रँकलिनने स्वतः बागेतल्या तणाचाच दाखला दिला आहे. तेरा आठवड्यांत एक फेरा पुरा होई. वर्षात असे चार फेरे बसत.

झाले काय? आधी तर तोच चकित झाला. आपल्यात इतके दोष असतील, असे त्याला वाटले नव्हते. जुने ठिपके खरवडून नवा फेरा धरताना वहीच्या कागदाला भोके पडली! मग त्याने हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या आणल्या. त्यावर तो शिसपेन्सिलीने खुणा करी आणि ओल्या स्पंजने पुसून टाकी. हळूहळू ठिपके कमी झाले. नीटनेटकेपणाची ओळ मात्र त्याला कधी साधली नाही. म्हातारपणी त्याने हे मोकळेपणी लिहून ठेवले. सारे गुण आले नाहीत, पण प्रयत्न केला नसता त्याहून आपण बरे आणि सुखी झालो, असे त्याचे म्हणणे होते.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. वहीत न्यायाची ओळ होती, तरी या माणसाच्या घरी बरीच वर्षे गुलाम राबत होते. त्याबद्दल ठिपका द्यावा, असे तेव्हा त्याला वाटलेच नाही. म्हातारपणी त्याचे डोळे उघडले. १७८७ साली तो गुलामगिरी बंद करू पाहणाऱ्या एका मंडळाचा अध्यक्ष झाला. म्हणजे जो दोष आपल्याला दिसतो, तोच वहीत उतरतो. गर्वाचा दोष त्याला मित्राने दाखवला होता. तुम्हीही घरच्या माणसाला एकदा विचारून पाहा, “माझे काय चुकते गं?” कारभारीण खरे सांगेल. तेव्हा रागावू नका म्हणजे झाले.

आता आपले पाहू. तेरा ओळी नकोत, एक पुरे. नेम असा धरा, की रात्री ‘झाला’ किंवा ‘चुकला’ असे एका शब्दात सांगता येईल. “मी चांगला वागेन” हा नेम नव्हे. “जेवणानंतर तंबाखू मळणार नाही” हा नेम. रोजच्या एखाद्या कामाला तो जोडला, तर आणखी बरे. जनावरांना वैरण घातली की हातपाय धुऊन एक पान वाचायचे. तुम्ही नव्याने शिकला आहात. वापर राहिला नाही तर अक्षरे विसरतात, म्हणून हाच नेम पहिला धरा असे मी म्हणेन.

मात्र कोणी बरीच वर्षे रोज दारू पीत असेल, तर त्याने ती एकाएकी तोडू नये. अंगाला थरथर सुटते, कधी झटकेही येतात. आधी डॉक्टरला भेटावे.

किती दिवस लागतील? लंडनच्या एका विद्यापीठाने ९६ माणसांवर हे पाहिले आणि २०१० साली छापले. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणखी एक कळले. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी बसत आलेली सवय मोडत नाही. म्हणून ठिपका पडला की वही फेकू नका. दुसऱ्या दिवशीचे घर अजून कोरेच असते.

आज रात्री एवढे करा. एका कागदावर सात घरे आखा. त्यांच्या डोक्यावर लिहा: सो, मं, बु, गु, शु, श, र. डाव्या बाजूला आपला नेम चार शब्दांत लिहा. कागद निजायच्या जागेजवळ भिंतीला लावा. पेन्सिल मात्र दोऱ्याने खिळ्याला बांधा, नाहीतर पोरे शाळेत घेऊन जातील.